साडेतीन हजार पायऱ्या मोजल्या, पाणी कोण मोजणार?

मागच्या हिवाळ्यात जयपूरहून आग्र्याला जाताना आम्ही वाट वाकडी करून आभानेरीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, चुलतभाऊ, त्याची बायको-पोरं आणि आमची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले पण फिरायला कायम सगळ्यांच्या पुढे. जयपूरपासून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर दौसा जिल्ह्यातलं हे खेडं, मोहरीची शेतं, चार दुकानं, आणि गावात शिरलं की एका बाजूला हर्षत मातेचं देऊळ आणि त्याच्या समोरच चांद बावडी, म्हणजे आपल्याकडे जिला बारव म्हणतात तशी पायऱ्यांची विहीर. आठव्या-नवव्या शतकातली, निकुंभ घराण्यातल्या चांद नावाच्या राजानं बांधली असं सांगतात. तेरा मजले, साडेतीन हजारच्या आसपास पायऱ्या, तीन बाजूंनी त्या त्रिकोणी पायऱ्यांची नक्षी उतरत जाते आणि चौथ्या बाजूला सज्जे, खांब, देवड्या. फोटोत शंभरदा बघितलेलं असलं तरी काठावर उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडतोच. पण काठावरच उभं राहायचं, कारण खाली उतरायला बंदी आहे, कठडे लावलेत. पोरं फोटो काढत होती, भाऊ पायऱ्यांचा आकडा सांगत होता, आणि आत्या कठड्याला रेलून तळाच्या हिरव्या डबक्याकडे बघत म्हणाली, "एवढ्या पायऱ्या कशाला केल्या असतील रे? पाणी कुठवर यायचं हिच्यात?" गाईडनं भुतांनी एका रात्रीत बावडी बांधल्याची गोष्ट सांगितली, ज्या पायऱ्यांनी उतरलात त्याच पायऱ्यांनी वर येता येत नाही हेही सांगितलं, कुठल्या पिक्चरचं शूटिंग कुठे झालं तेही सांगितलं. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं आणि आमच्यापैकीही कुणाकडे नव्हतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नंतर फॅमिली ग्रुपवर झालेलं भांडण. भावानं फोटो टाकले, खाली लिहिलं, बघा, तिकीट लावलं, कठडे लावले म्हणून टिकली, नाहीतर आपल्याकडच्या बारवा बघा, उकिरडा झालाय नुसता. त्यावर पुण्यात आर्किटेक्चर शिकणारा भाचा उसळला, की पायऱ्यांची वास्तू ही उतरण्यासाठीच असते, वरून बघायला लावणं म्हणजे भरलेलं ताट काचेतून दाखवण्यासारखं आहे, उघडा ती. मग काय, दोन दिवस नुसतं उघडा-बंद करा, उघडा-बंद करा. आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही, कुठल्याही बारवेचं एखादं रील गाजलं की त्याखाली हीच दोन टोकं भांडत असतात. माझं म्हणणं सरळ आहे, दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. माणूस खाली जातो की नाही याच्यावर सगळा वाद, पाणी वर येतं की नाही याच्यावर कुणी बोलत नाही. आत्यानं विचारला तोच खरा प्रश्न होता आणि तो त्या ग्रुपवर कुणी विचारलाच नाही.

आता आधी भावाची बाजू, कारण ती वाटते तितकी हलकी नाहीये. अरुंद पायऱ्या, हजार वर्षं झिजून काही ठिकाणी गुळगुळीत झालेला दगड, उतरताना धरायला काही नाही, आणि खाली किती खोल आहे ते न कळणारं शेवाळलेलं पाणी. तिथे सुट्टीच्या दिवशी शेकडो लोक मोबाईल हातात धरून उलटं चालत सोडायचे? मी तरी सोडणार नाही. दगडाचंही तेच, रोज हजारो बुटांचे तळवे घासले तर जे परकीय स्वाऱ्यांनी आणि हवेपाण्यानं केलं नाही ते आपण पन्नास वर्षांत करू. त्यामुळे चांद बावडीचे कठडे काढा असं मी अजिबात म्हणत नाही. गुजरातेतल्या पाटणच्या राणीच्या वावेचंही तेच, वाव म्हणजे तिकडची बारव. राणी उदयमतीनं भीमदेव सोलंकीच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात बांधलेली, पुढे सरस्वतीच्या पुराच्या गाळात गडप झाली आणि त्या गाळानंच तिची शिल्पं सांभाळली, ती उपसून मोकळी करायला 1980 चं दशक उजाडलं, 2014 ला जागतिक वारशात गेली, 2018 पासून जांभळट शंभराच्या नोटेवर आपल्या खिशात फिरते. तिथे परत घागरी घेऊन जा म्हणणं वेडेपणा होईल. काही वास्तू आता बघण्याच्याच राहिल्यात हे मान्य करून टाकायला हरकत नाही.

पण सुरक्षितता हा एकच निकष धरून चाललं की आपण कुठे पोचतो तेही बघा. इंदूर, 30 मार्च 2023, रामनवमी. बेलेश्वर महादेवाच्या देवळात होम चालू होता, गर्दी झाली आणि पायाखालची जमीनच खचली. कारण ती जमीन नव्हतीच, जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होता. 36 माणसं गेली. अहिल्याबाईंच्या घराण्याच्या शहरात, जिनं देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले तिच्या शहरात, एक बावडी झाकून तिच्यावर फरशी घातली आणि खाली पाणी आहे हेच लोक विसरून गेले. त्यानंतर प्रशासनानं काय केलं? वरचं बांधकाम पाडलं आणि राडारोडा टाकून बावडी बुजवून टाकली. मला सांगा, ती माणसं उघड्या विहिरीनं मारली की लपवलेल्या विहिरीनं? आणि शिक्षा कुणाला झाली, स्लॅबला का बावडीला? हे कठडा लावण्याच्या मानसिकतेचं शेवटचं टोक आहे. पाणी म्हणजे धोका, म्हणून झाकून टाका, म्हणून बुजवून टाका. भाऊ म्हणेल कठडा वेगळा आणि बुजवणं वेगळं, बरोबर आहे, पण मधल्या सगळ्या पायऱ्या आपण गावोगाव उतरलोय, आधी जाळी, मग जाळीतून कचरा, मग वास येतो म्हणून मुरूम, मग त्याच्यावर पार्किंग.

आता भाच्याकडे वळतो, आणि त्याच्याकडे वळताना मला जास्त राग येतो, कारण त्याची बाजू ऐकायला गोड आहे. तो आणि त्याचे मित्र म्हणतात की बारव म्हणजे सार्वजनिक जागा, बायका पाणी भरायला यायच्या, वाटसरू टेकायचे, सगळा गाव तिथे भेटायचा, ते परत आणा. अरे बाबा, कुठला सगळा गाव? महाडचं चवदार तळं कायद्यानं उघडं झालेलं होतं, 1923 ला मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनंही तो मानला, आणि तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ओंजळभर पाणी प्यायला जावं लागलं, त्यानंतर मार खावा लागला, तळं "शुद्ध" करून घेतलं गेलं, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला 1937 उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी, 1868 ला, जोतिरावांनी स्वतःच्या घरचा हौद खुला केला तो उगाच नाही. पायऱ्या सगळ्यांसाठी होत्या हे वाक्य अर्ध्या गावाच्या बाबतीत खोटं आहे. दगडात कुठे लिहिलेलं नसतं की इथून पुढे कोण उतरायचं नाही, पण गावात प्रत्येकाला ते पाठ असायचं. मराठीत लिहिणाऱ्या माणसानं तरी हे विसरून बारवेवर गळा काढू नये.

दुसरी गोष्ट नारूची, जी आजच्या पोरांना माहीतच नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या लोकांच्या पायातून तो दोऱ्यासारखा किडा निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे, तुटला की पाय सडायचा. तो पसरायचा कसा? नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवतो, किड्याची पिल्लं पाण्यात जातात, बारीक जलपिसू ती गिळतात आणि तेच पाणी दुसरा माणूस पितो. म्हणजे यासाठी आदर्श जागा कुठली, तर जिथे पाण्यात उतरून पाणी भरतात ती, म्हणजे पायऱ्यांची विहीर. म्हणून सरकारनं ठिकठिकाणी पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, वरून पोहरा सोडायच्या केल्या, पाणी गाळायला कापड वाटलं, पाण्यात औषध टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 ला राजस्थानातच, जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी त्या पायऱ्या बंद केल्या ते सगळे वारसा न कळणारे अडाणी बाबू नव्हते, त्यांनी माणसांचे पाय वाचवले. तेव्हा बारवेचं पाणी पूर्वी अमृत होतं वगैरे माझ्यापुढे बोलू नका.

मग एवढं सगळं कबूल केल्यावर उरलं काय? उरली आत्या. ती विचारत होती एवढ्या पायऱ्या कशाला. उत्तर खरं तर सोपं आहे, सुंदर दिसावं म्हणून नाही. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत पडतो आणि बाकी आठ महिने पाणी खाली खाली जातं, दिवाळीत वरच्या पायरीवर असलेलं पाणी मेमध्ये तळाला टेकतं, आणि ते जिथे असेल तिथवर घागर घेऊन पोचता आलं पाहिजे म्हणून दर टप्प्यावर पायऱ्या. म्हणजे ती तेरा मजल्यांची नक्षी ही खरं तर एक फूटपट्टी आहे, दगडात कोरलेली. गावातला कुणीही, वाचता येत नसलं तरी, काठावर येऊन सांगू शकायचा की यंदा पाणी किती आहे आणि मागच्या वर्षीपेक्षा किती खाली आहे. ज्याला खाली उतरू द्यायचे नाहीत त्यालासुद्धा ते दिसायचं. उसाला पाणी दे म्हणणारा आणि नको म्हणणारा दोघं एकाच पायरीकडे बोट दाखवून भांडू शकायचे, आणि असं भांडण मला चालेल, कारण त्यात निदान दोघांना दिसणारं पाणी एकच असतं.

बोअरनं नेमकं हेच मोडलं. सहा इंचाचं भोक, वर झाकण, आत अंधार. माझ्या बोअरला पाणी किती आहे ते मला माहीत नाही, शेजाऱ्याच्या बोअरला किती ते त्याला माहीत नाही, आणि दोघांची मोटार एकाच पोटातून ओढते आहे हे दोघंही मनातून जाणून असतात पण दिसत नाही ना, म्हणून चालू. कायदाही त्याला साथ देणारा, 1882 च्या इझमेंट कायद्यापासून जमीन ज्याची खालचं पाणी त्याचं अशीच समजूत चालत आलीये. महाराष्ट्रानं 2009 चा भूजल कायदा केला, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली, आणि आता तुमच्या ओळखीतल्या बोअरच्या गाडीवाल्याला विचारून बघा की गेल्या महिन्यात त्यानं दोनशे फुटांवर किती बोअर थांबवले. राजस्थानात तर जमिनीत वर्षाला वापरण्याजोगं शंभर लिटर पाणी मुरतं तेव्हा दीडशेच्या आसपास उपसलं जातं, हे केंद्रीय भूजल मंडळाच्या 2023 च्या हिशेबातलं प्रमाण आहे. चांद बावडीच्या तळाला डबकं का आहे याचं उत्तर बावडीत नाही, आजूबाजूच्या मोहरीच्या शेतांत आहे. तिचा दगड आपण सांभाळला, तिच्या बुडाखालचं पाणी काढून घेतलं, आणि वर तिकीट लावून म्हणतोय की टिकवली.

यावर नेहमीचा प्रतिवाद येतो की बाबा, मग काय मोटार बंद करून बैल जुंपायचे का? नाही हो. पण बैलांचा विषय निघालाच आहे तर साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर आठवा, शाहू महाराजांच्या काळात 1719 ते 1724 मध्ये वीरूबाईंनी बांधून घेतलेली, अष्टकोनी, आत चक्क महाल, आणि वर बारा मोटा चालायची सोय, आमराईला पाणी द्यायला. बारा मोटा एकदम म्हणजे त्या काळचा प्रचंड उपसा. पण बैल संध्याकाळी दमतो, त्याला सोडावं लागतं, आणि रात्रभरात विहिरीचे झरे पुन्हा भरून आणतात. मोटार दमत नाही, उलट रात्री लाईट असते म्हणून रात्रीच चालते. त्या काळच्या लोकांना पर्यावरणाची फार काळजी होती असला गोड गैरसमज मला नाही, त्यांना जास्त उपसता आलं असतं तर त्यांनीही उपसलंच असतं. फरक एवढाच की त्यांना मर्यादा दिसायची आणि मोजता यायची. आपल्याला बैल परत नकोत, मोजमाप परत पाहिजे.

आणखी एक मुद्दा, जो या वादात कुणीच काढत नाही, तो म्हणजे बारवेभोवती राहणाऱ्या माणसांचा. आभानेरी हे म्युझियम नाही, तिथे लोक राहतात. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन, हा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा नियम. नियम का आहे ते कळतं, नाहीतर बावडीच्या डोक्यावर चार मजली हॉटेल उभं राहील. पण ज्याचं घर त्या शंभर मीटरमध्ये आहे त्यानं पोराचं लग्न झाल्यावर एक खोली वाढवायची कुठे? ज्या बावडीचं पाणी त्याला मिळत नाही, जिच्यात त्याला उतरता येत नाही, तिच्यासाठी घर वाढवायचं नाही, आणि येणारा पर्यटक वीस मिनिटं थांबून आग्र्याला निघून जातो. हंपीत 2011 च्या जुलैत विरुपाक्षाच्या देवळासमोरच्या बाजारपेठेतल्या मंडपांत पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबं अशीच हलवली, बाजार म्हणून बांधलेला रस्ता बाजार भरतो म्हणून रिकामा केला. आधी बावडीतून पाणी जातं, मग देवळाभोवतीचा गाव जातो, मग आपण त्या रिकाम्या जागेत उभं राहून म्हणतो किती शांत आहे ना इथे. हर्षत मातेच्या देवळात मी बघितलं, शिखर कधीच पडलेलं, त्या जागी नंतरचा घुमट, ओट्यावर कोरीव दगडांचे ढीग, आणि तरी आत पूजा चालू होती. देऊळ मोडकं असून चालू आहे आणि समोरची बावडी धड असून बंद आहे, यातलं जिवंत कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं.

म्हणून मला वाटतं आपण चांद बावडीकडून चुकीची गोष्ट शिकून घरी येतो. तिच्यासारखी जागतिक नावाजलेली बावडी कठड्यामागे राहू दे. पण मराठवाड्यातल्या, साताऱ्या-पुण्याकडच्या ज्या असंख्य बारवा कुठल्याच यादीत नाहीत त्यांना छोट्या छोट्या चांद बावड्या करायच्या भानगडीत पडू नये, कारण तिथे ना तेवढे पर्यटक येणार ना पहारेकरी. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणारी बारव गावकऱ्यांनी स्वतः गाळ काढून मोकळी केली, महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे महाशिवरात्रीला गावोगावच्या बारवांत दिवे लागायला लागले, हे फार मोठं काम आहे आणि त्या पोरांबद्दल मला आदरच आहे. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आणि खर्चाच्या दृष्टीनं अगदीच किरकोळ आहे. दिवे लावाल त्या दिवशी पायऱ्यांना आकडे घाला. दगड खराब न करता, बाजूला पट्टी लावून वगैरे, ते जाणकारांना विचारून करा. आणि दर दोन महिन्यांनी पाणी कितव्या पायरीवर आहे ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. भूजल सर्वेक्षण खातं निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतंच, पण ते आकडे फायलीत जातात, चावडीवर येत नाहीत. पाणी प्यायचं नाही, नारू गेला असला तरी बाकीचे रोग आहेतच, फक्त बघायचं. बारवेला कोरडं बूड दिसलं तर त्या वर्षी उसाचं काय करायचं ते ग्रामसभेत सगळ्यांच्या तोंडावर बोलायचं. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. बारवा असत्या तर ती गाडी टळली असती असं म्हणणं खोटं होईल, एवढ्या मोठ्या शहराला बारव काय पुरणार. पण आसपासच्या गावांत पाणी कधीपासून खाली चाललंय हे पायरीवर दिसत राहिलं असतं तर तो दिवस असा अचानक उगवल्यासारखा वाटला नसता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर भाचा म्हणाला मामा, पायरी मोजून काय होणार, सॅटेलाईटवरून भूजल मोजतात आता. त्याला आत्यानं व्हॉइस मेसेजमध्ये उत्तर दिलं. म्हणाली, बाहत्तरच्या दुष्काळात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हा आपल्या बारवेचं पाणी एकोणिसाव्या पायरीवर गेलं होतं, आई रोज येऊन सांगायची, आज अठरावी उघडी पडली, आज एकोणिसावी, आणि विसावी दिसली तर गाव सोडायचं असं वडील म्हणाले होते, पण विसावी दिसली नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा तिला पाठ आहे. मग भावानं गावाकडे फोन लावून एकाला बारवेवर पाठवलं, आता कितवी पायरी आहे बघून फोटो पाठव म्हणून. अर्ध्या तासात फोटो आला. आत्यानं चष्मा लावून, बोटानं स्क्रीन मोठी करून पायऱ्या मोजायला घेतल्या, आणि अकरावर थांबली, कारण बाराव्या पायरीपासून खाली सगळं प्लास्टिक होतं.